हरवलेला दचका

शर्वरीनं दचकल्याचं नाटक केलं. आधी डोळे मिटले, मग खांदे उडवले, मग छातीवर हात ठेवून "अगं बाई गं" म्हणाली.

पडद्यामागून बाहेर आलेली रेवा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. एरवी 'भॉ' केल्यावर ती स्वतःच खिदळून जमिनीवर लोळायची. आज लोळली नाही.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"खोटं कसं? केवढी घाबरले मी."

"बाबा दचकतो तेव्हा त्याचं सगळं एकदम होतं. तुझं एकेक होतं."

निशांत ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होता. तो तिथूनच हसला. "सापडलीस, शरू. चार वर्षांच्या पोरीनं पकडलं तुला."

शर्वरीही हसली. पण वाटी उचलताना तिला आपल्या हाताची बोटं दिसली, कापत नसलेली, अगदी स्थिर. गेल्या कित्येक महिन्यांत ती एकदाही खरी दचकली नव्हती. कुकरची शिट्टी नाही, फाटकन आपटलेलं दार नाही, शेजारच्या लग्नातले सुतळी बॉम्ब नाहीत. आधी तिला याची गंमत वाटली, मग अभिमान वाटला. हल्ली मात्र रेवा पडद्यामागे लपली की शर्वरीला भीती वाटायची. ती 'भॉ'ची नव्हे. त्यानंतर आपल्या आत काहीच हलणार नाही, याची.

*

शर्वरी मेश्राम चंद्रपूरच्या व्यावसायिक हँडबॉल संघाची गोलरक्षक होती. या खेळात गोलरक्षकाच्या अंगावर चेंडू येतो तो सहा-सात मीटरांवरून, भरधाव मोटारीच्या वेगानं. हातात मोजे नसतात. शाळेत असताना तिला या खेळात ओढणाऱ्या कुंदाताई आता संघाच्या प्रशिक्षक होत्या. स्वतः जुन्या गोलरक्षक, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. नव्या मुलींना त्या ती बोटं दाखवायच्या.

"हे पाहा. झेलायला गेली होती मी. झेलायचं काम क्रिकेटवाल्यांचं. आपण अडवायचं. हात लागो, पाय लागो, चेंडूची दिशा बदलून टाकायची. पुढं तो कुठं जाते ते त्याचं तो पाहील."

रेवा तीन वर्षांची झाल्यावर शर्वरी मैदानावर परतली, तेव्हा तिचं शरीर पूर्वीचं राहिलं नव्हतं. वजन उतरलं, पोट आत गेलं, पण कान आईचे झाले होते. झोपेत रेवानं कूस बदलली तरी ती उठून बसायची. दूध उतू गेल्याच्या वासानंही दचकायची. आणि सरावात पहिलाच चेंडू तोंडाच्या रोखानं आला तेव्हा तिनं डोळे मिटले आणि हात छातीशी घेतले. चेंडू कानाला वारा घालत जाळीत गेला.

"काहून डोळे मिटून राहिली वं?" कुंदाताई ओरडल्या. "चेंडू आहे, साप नाही."

दुसराही तसाच गेला. तिसरा, चौथा. दुसरी गोलरक्षक प्रांजल, वसतिगृहात राहणारी, एकोणीस वर्षांची, बाजूला उभी राहून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. वर बघायला तिला अवघड होत होतं.

त्या आठवड्यात डॉक्टर कारखानीसांनी शर्वरीला आपल्या खोलीत बोलावलं. ते लीगनं संघाला दिलेले मेंदूतज्ज्ञ, स्वभावानं साधे, समोरच्याला कळेपर्यंत समजावणारे.

"दचकणं ही शरीराची सगळ्यात घाईची हालचाल आहे," ते म्हणाले. "मान डोक्याला मिळते तिथे, मेंदूच्या बुंध्यात, पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. मोठा आवाज झाला, तोंडावर काही आलं, की हा पुंजका वरच्या शहाण्या मेंदूला विचारायला थांबत नाही. थेट हुकूम सोडतो. डोळे मीट. मान आत. खांदे वर. कोपरं दुमडून छातीशी घे. आपल्याला कळायच्या आत आपण आत ओढले गेलेलो असतो, गोगलगायीसारखे."

"आणि मला बाहेर उघडायचं असतं," शर्वरी म्हणाली.

"तेच. गोलरक्षक हात-पाय पसरून चांदणीसारखा उघडतो. म्हणजे प्रत्येक चेंडूला तुम्ही दोन कामं करता. आधी स्वतःच्या दचक्याशी भांडता, मग चेंडूशी. आम्ही पहिलं भांडण मिटवतो."

त्यांनी टेबलावर एक काळी पट्टी ठेवली, मानेमागे चिकटवायची, बोटभर रुंद. सोनोग्राफीत वापरतात तसल्याच ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी तीतून निघायच्या. भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा त्या लहरी पुंजक्यावर आणल्या की तो डुलकी घ्यायचा. सामन्याआधी थोडा वेळ लावायची, सामना संपला की काढायची. संध्याकाळपर्यंत पुंजका जागा.

सोनोग्राफी म्हटल्यावर शर्वरीला पडद्यावरचा तो करडा, मुठी चोखणारा ठिपका आठवला. ज्या लहरींनी रेवू दाखवली त्या काय वाईट करणार, असं तिला वाटलं. एवढ्यावर तिनं हो म्हटलं.

संघातल्या बाकीच्या मुलीही, प्रांजलसुद्धा, ती पट्टी लावायच्या आणि तिला 'तावीज' म्हणायच्या. तावीज लावल्यावर पहिल्या सामन्यात चेंडू तिला मोठा दिसला, संथ दिसला. सोडणाऱ्या हाताचं मनगट कुठे वळतंय ते शेवटपर्यंत दिसलं, कारण डोळे मिटलेच नाहीत. हंगाम अर्ध्यावर आला तोवर प्रेक्षक तिला 'भिंत' म्हणू लागले. भारतीय संघाचे निवडकर्ते अंतिम सामन्याला येणार, असं ऐकू येत होतं. आई झाल्यावर परतलेली गोलरक्षक भारतीय संघात जाईल, हे कुंदाताई येता-जाता सगळ्यांना सांगत होत्या, जणू शर्वरी त्यांचीच मुलगी.

*

रेवानं खोटा दचका पकडला त्याच दिवशी दुपारी शर्वरी वाळलेले कपडे घडी करत होती. रेवाचा एक लाडका खेळ होता. दिवाणाच्या पाठीवर चढायचं, "आई, झेल" म्हणायचं आणि उडी टाकायची. शर्वरी टॉवेल टाकून तिला हवेतच कवेत घ्यायची, दोघी गिरकी घ्यायच्या.

त्या दिवशी रेवाचा पाय घसरला. "झेल" म्हणायलाही तिला सवड मिळाली नाही.

शर्वरीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी वरून येताना दिसलं. ते डावीकडे खाली येणार हे तिला कळलं. डावा गुडघा उचलला गेला, डावा हात बाहेर पसरला, तळवा कडक झाला आणि जे येत होतं त्याला लागला. त्याची दिशा बदलली.

रेवा लोखंडी कपाटावर आपटली.

आणि शर्वरी पंजांवर वजन घेऊन, गुडघ्यांत वाकून, हात पसरून तशीच उभी होती. परत आलेला चेंडू अडवायला गोलरक्षक उभा राहतो तशी. किती वेळ, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. निशांत दारातून धावत आला, त्यानं रेवाला उचललं, रेवाचा हात भलतीकडेच वळलेला होता, ती किंचाळत होती. तेव्हा कुठे शर्वरीचे हात खाली आले.

दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडली कशी?"

"दिवाणावरून घसरली," निशांत म्हणाला.

"पडत होती," शर्वरी म्हणाली. "मी हात मारला."

डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. निशांतनं घाईघाईनं सांगितलं, ही हँडबॉल खेळते, गोलरक्षक आहे, सवयीनं झालं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि पुन्हा पट्टी गुंडाळू लागल्या. पण जाताना त्यांनी रेवाला एकटीला घेऊन वजन केलं आणि हळू आवाजात काही विचारलं. शर्वरीला त्याचा राग आला नाही. तिनंही तेच केलं असतं.

घरी आल्यावर निशांतनं रेवाला थोपटून निजवलं. रेवा झोपल्यावर म्हणाला, "मी दारात होतो, शरू. तू तिच्याकडे बघत होतीस. डोळे टक्क उघडे होते तुझे."

"माहितेय."

"मला वाटलं, ओरडशील तरी."

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली. "मी वाट बघत होते ओरडण्याची."

रेवा जन्मली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी शर्वरीला एक गंमत दाखवली होती. बाळाचं डोकं त्यांनी हातावर धरून अलगद, जरासं खाली सोडलं. बाळानं दोन्ही हात पसरले, बोटं फाकली, आणि लगेच ते हात आत घेतले, कुणाला तरी मिठी मारावी तसे. आईच्या अंगावरून निसटणाऱ्या पिलाची ही धडपड, ते म्हणाले होते. आधी उघडायचं, मग कवटाळायचं.

शर्वरीला आता त्यातलं दुसरं अर्धं येत नव्हतं.

*

"परत येईल का?" तिनं कारखानीसांना विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पाटाचं पाणी पुन्हा पुन्हा एका बाजूनं सोडलं की त्याला वळण पडतं. पट्टी नसतानाही तुमचा पुंजका झोपून राहायला शिकलाय. वापर थांबवला तर बहुतेक जागा होईल."

"बहुतेक म्हणजे?"

"ज्यांनी लवकर थांबवलं, त्यांचा आला."

"आणि ज्यांनी वापरत ठेवलं?"

"त्यांना कुणी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "आम्ही मैदानावरचे आकडे बघतो, शर्वरी. घरातले बघत नाही. मी बघायला हवे होते."

तिनं पिशवीतली काळी पट्टी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

कुंदाताई मैदानावर एकट्याच चेंडू गोळा करत होत्या. शर्वरीनं सांगितलं ते त्यांनी मागे न वळता ऐकलं.

"अंतिम सामना तोंडावर आला," त्या म्हणाल्या. "पाहणारे येऊन राहिले. आणि तू म्हणते तावीज नाही."

"खेळणार आहे मी, ताई. तावीज न लावता."

"आणि डोळे मिटले तर?"

"तर मिटले."

कुंदाताईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "माझं पोट्टं झालं, तेव्हा मी खेळ सोडला. मले कोणी सोड म्हटलं नव्हतं. मीच समजून घेतलं, आता सोडाचं असते. तुले मी सोड म्हणणार नाही, खेळ बी म्हणणार नाही. तू माय हाये, तुले समजते. पण एक सांग, खेळतेच कायले?"

घरी काय काय करून पाहिलं ते सांगायला शर्वरीला लाज वाटत होती. निशांतनं तिच्या मागे येऊन स्टीलचं ताट पाडलं होतं. फुगे फोडले होते. ती कांदा चिरत असताना अचानक खांदे पकडले होते, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं होतं, "मीठ हवंय का?" दोघं हसली होती, आणि निशांतनं उरलेले फुगे खणात ठेवून दिले होते. आणि रेवानं 'भॉ' करणं बंद केलं होतं. दिवाणावर चढणंही. ती आता बाबाच्याच अंगावर उडी मारायची, आणि मारण्याआधी आई कुठे आहे ते बघून घ्यायची.

"घरी खोटं खोटं घाबरवतात, ताई," शर्वरी म्हणाली. "इथे खरं आहे. आलं तर इथेच येईल."

कुंदाताईंनी तिच्या हातात चेंडू दिला. "जा. प्रांजलले म्हण, तोंडावर मारत जा."

*

प्रांजलनं सरावात तोंडावर मारलं, आणि शर्वरीनं सगळं अडवलं. पट्टी न लावताही. उलट पूर्वीपेक्षा बरं. कुंदाताईंना हायसं वाटलं. शर्वरीनं स्नानगृहात जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

अंतिम सामना सांगलीच्या संघाशी होता. स्टेडियम भरलेलं, ढोल, शिट्ट्या, 'भिंत, भिंत' असा गजर. वरच्या रांगेत निशांत रेवाला मांडीवर घेऊन बसला होता. रेवाचं पांढरं प्लास्टर लांबूनही दिसत होतं, त्यावर तिनं स्केचपेननं मासे काढले होते.

पहिला चेंडू शर्वरीनं पायानं बाहेर काढला. लोक उठून उभे राहिले. तिच्या मनात आलं, नाही दचकले.

दुसरा तिनं मनगटानं गोलखांबावर वळवला. नाही.

एकदा सांगलीची खेळाडू इतकी जवळ आली की तिच्या श्वासाला शर्वरीला लवंगेचा वास आला. चेंडू कपाळाच्या रोखानं सुटला. शर्वरीनं पाहिलं, त्याची शिवण फिरत होती, चेंडू पकडायला बोटांना लावतात त्या चिकटीचा काळा डाग फिरत होता. पापणी लवली नाही. चेंडू तिच्या तळव्यावरून आडवा गेला. मैदान दणाणलं, सोबतिणी तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. लोक ज्याला टाळ्या वाजवत होते ते तिचं दुखणं होतं. प्रत्येक बचावागणिक ती स्वतःपासून आणखी एक पाऊल लांब गेल्यासारखं तिला वाटत होतं. तिनं मनातल्या मनात काय मागितलं, ते तिनं निशांतलाही नंतर पुरतं सांगितलं नाही. सोबतिणी जिंकण्यासाठी मागत होत्या आणि ती एक चेंडू सुटावा म्हणून मागत होती.

बरोबरीवर वेळ संपता संपता पंचांनी सांगलीला सात मीटरवरची फेक, म्हणजे या खेळातली पेनल्टी, दिली. शेवटची. गेली आत तर सांगली जिंकली. अडली तर जादा वेळ.

समोर सांगलीची डावखुरी कप्तान उभी राहिली. शर्वरी दोन पावलं पुढे आली, हात वर, वजन पंजांवर. शिट्टी झाली. कप्तान थांबली. हात फिरवला, सोडला नाही. पुन्हा फिरवला.

वरच्या रांगेत कुणीतरी जोरात रडलं.

त्या हजारो आवाजांत तो आवाज रेवाचा होता की दुसऱ्या कुणाचा, कळायला मार्ग नव्हता. शर्वरीला तो ऐकू आला की नाही, हेही तिला कधी खात्रीनं सांगता आलं नाही. तिला एवढंच आठवतं की चेंडू सुटला आणि अंधार झाला.

डोळे उघडले तेव्हा ती उकिडवी बसलेली होती. खांदे कानांना लागलेले, कोपरं दुमडून छातीशी, दोन्ही हात स्वतःभोवतीच गुंडाळलेले. चेंडू तिच्यामागे जाळीत हळूहळू गोल फिरत थांबला.

चंद्रपूरच्या बाजूला सगळं गप्प झालं. संघाची कप्तान, जिचा हा शेवटचा हंगाम होता, मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर बसली. शर्वरीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं, खरोखरच वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या पोटातून हसू वर येऊ लागलं. तिनं जर्सी ओढून तोंडावर घेतली. छाती धाडधाड उडत होती. हाताची बोटं थरथरत होती.

"ताई, रडू नका ना," प्रांजल तिला मिठी मारून म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

कुंदाताई आल्या. त्यांनी शर्वरीला बखोटीला धरून उठवलं, जर्सी जराशी खाली केली, चेहरा पाहिला.

"हासून राहिली तू."

"हो, ताई."

"सापडलं का तुझं?"

"वाटतंय. एकदाच आलं. परत येईल की नाही, माहीत नाही."

कुंदाताईंनी जाळीतल्या चेंडूकडे पाहिलं, मग मधोमध बसलेल्या कप्तानकडे. त्यांचे ओठ घट्ट मिटले. "मग तोंड झाक," त्या म्हणाल्या, "आणि त्या पोरीजवळ जाऊन बस. हासणं घरी हास."

*

भारतीय संघ जाहीर झाला, त्यात शर्वरी नव्हती. प्रांजल होती. शर्वरीनं तिला फोन करून अभिनंदन केलं आणि तावीजाबद्दल सगळं सांगितलं, काही न झाकता. प्रांजल नीट ऐकून घेत होती.

"तिकडे जाऊन मी एकटीच कशी काढणार, ताई?" ती शेवटी म्हणाली. "बाकी सगळ्यांना असेल."

"काढ असं नाही म्हणत मी. पण अधूनमधून कुणाला तरी मागून 'भॉ' करायला सांग."

"वसतिगृहात कोण करणार?"

"मग मला फोन करत जा," शर्वरी म्हणाली.

रेवाचं प्लास्टर निघालं. आतून हात बारीक, फिकट निघाला, पालवी फुटल्यासारखा. शर्वरीचं मात्र धड कळत नव्हतं. एकदा कुकरच्या शिट्टीला तिचा खांदा हलला, असं तिला वाटलं. पण ती त्याची वाटच बघत होती, त्यामुळे खरं की मनाचं, सांगता येईना.

एका संध्याकाळी ती कपडे घडी करत होती. निशांत दुकानात गेला होता. घरात फार शांत होतं. रेवा काय करतेय म्हणून तिनं मान वळवली, तर पडद्याखाली दहा इवली बोटं दिसली. कितीतरी दिवसांनी.

शर्वरीनं मान पुन्हा कपड्यांकडे वळवली. आता नाही आलं तर? नाटक करायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. नाही आलं तर नाही म्हणून सांगायचं. ती पाठ करून बसली आणि टॉवेल उचलला. आता, आता, असं म्हणत राहिली. पडदा हलला नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. शर्वरीचं लक्ष क्षणभर तिकडे गेलं.

"भॉ!"

घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग जमिनीवर सांडला. कुणीतरी "आई गं" म्हणून किंचाळलं, आणि ती शर्वरीच होती.

रेवा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं आईचे डोळे पाहिले, मग खांदे पाहिले, मग हात.

"तू टॉवेलला मिठी मारलीस," ती म्हणाली.

शर्वरीनं खाली पाहिलं. दोन्ही हातांनी टॉवेल छातीशी आवळून धरलेला होता, चुरगळलेला.

रेवा हसली नाही. ती दिवाणापाशी गेली, बऱ्या हातावर जोर देत त्याच्यावर चढली. पाठीवर नाही, नुसती गादीवर. तिथून तिनं आईकडे पाहिलं, बराच वेळ.

"झेल?" तिनं विचारलं.

शर्वरीनं टॉवेल खाली टाकला आणि हात पुढे केले. हात कापत होते. छातीत इतकं धडधडत होतं की रेवूलाही ऐकू जाईल असं तिला वाटलं, आणि त्या धडधडीचा तिला फार आधार वाटला.